गिरणीची बोली

आई गेल्यावर दोन-तीन आठवड्यांतच आम्ही घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायला लागलो. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "बटाटे किती सोलू?" आणि माझा नवरा नॉर्मन पुढच्या खोलीतून, हातातलं वर्तमानपत्र खाली न ठेवता, उत्तर द्यायचा. साधी गोष्ट, पण ती लक्षात आली तेव्हा माझ्या हातातली सुरी थांबली. आई असताना आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

आईनं क्रॉसबँक गिरणीत एकतीस वर्षं माग चालवले, एका वेळी सहा. मागखात्यात आवाज एवढा की शेजारीण कानात ओरडली तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बाया आवाजाशिवायच बोलायच्या. ओठ, गाल, भुवया आणि थोडे हात. प्रत्येक शब्द तोंडभर उघडून, पीठ मळल्यासारखा मळून. एका भिंतीपाशी उभी असलेली बाई दुसऱ्या भिंतीपाशी असलेल्या बाईला, मधल्या शंभर मागांवरून, कोणाचा नवरा कोणाबरोबर दिसला ते सांगायची. गिरणी बंद पडली तोवर आईचे कान गेले होते. सगळे नव्हे, बारीक आवाज गेले होते. किटलीची शिट्टी, दारावरची घंटी, पाखरं, 'स' आणि 'श'. लांबची मालगाडी मात्र तिला माझ्याआधी कळायची.

त्यामुळे घराला वळण लागलं होतं. खोलीत शिरताना लाकडी जमिनीवर टाच दोनदा आपटायची. बोलायच्या आधी खांद्याला हात लावायचा. उजेडाकडे तोंड करून, समोर उभं राहून, आवाज खाली उतरवून बोलायचं. लग्नानंतर नॉर्मन हे सगळं महिन्याभरात शिकला. आमची मुलगी हेझल तर त्यातच जन्मली. मी गावच्या वाचनालयात कामाला, नॉर्मन बसवर ड्रायव्हर. शाळा सुटली की हेझल घरी आजीपाशी. दोघी चुलीपाशी समोरासमोर बसून गिरणीच्या बोलीत गप्पा मारायच्या. घरभर शांतता आणि मधूनच दोघींचं हसू. मला वाटायचं, खेळ आहे.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आई दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. हेझल सात वर्षांची होती.

नाताळानंतर हेझल ऐकेनाशी झाली. ऐकेनाशी हा शब्द तेव्हा आम्ही ज्या अर्थानं वापरत होतो त्याच अर्थानं लिहिते आहे. नॉर्मननं जिन्याखालून हाक मारली की ओ द्यायची नाही. पुन्हा हाक, पुन्हा गप्प. वर जाऊन बघावं तर पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत असायची, आणि तो दिसला की दचकायची.

"माझंच ऐकत नाही ती," नॉर्मन म्हणाला. "तू नुसतं कुजबुजलीस तरी पळत येते."

ते खरं होतं. नॉर्मन चॅपलच्या गायनात सगळ्यात खालचा सूर लावणाऱ्या रांगेत उभा राहतो. त्याचं नेहमीचं बोलणंही पिंपातून आल्यासारखं.

फेब्रुवारीत शाळेतून चिठ्ठी आली. क्रॅबट्री सरांनी मला लहान मुलांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःही एका तसल्याच खुर्चीत, गुडघे हनुवटीपाशी घेऊन, बसले. सप्टेंबरात मुलं खालच्या शाळेतून वरच्या शाळेत आली होती. हेझलला बाईंऐवजी पहिल्यांदाच सर मिळाले होते.

"हुशार आहे, यात वाद नाही," ते म्हणाले. "पण मी फळ्याकडे तोंड करून काही सांगितलं, की सगळी मुलं वही उघडतात आणि ही शेजारणीकडे बघते. नाव घेतलं तर मान वर करत नाही. मी आधी म्हटलं, कानाचा काही प्रकार असेल. पण बाई, मागच्या बाकावर कोणी चोरून गोळीचा कागद सोडला, की अख्ख्या वर्गात पहिली वळते ती हीच."

"आजीवर फार जीव होता तिचा," मी म्हणाले.

"तेच ना." ते उठले आणि त्यांचे गुडघे वाजले. "वेळ द्यावा लागेल. मीही आवाज चढवत नाही फारसा."

मी घरी येऊन स्वतःच एक परीक्षा घेतली. हेझल टेबलाशी बसली होती. मी तिच्या मागे, दारात उभी राहून, अगदी कुजबुजून म्हटलं, "गोड पाव हवाय का?" ती ताबडतोब वळली. "हो. लोणी लावून." दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनीही तेच केलं: पाठीमागे उभं राहून, श्वासाच्या आवाजात आकडे म्हटले. हेझलनं सगळे बरोबर सांगितले. "कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "मन जड झालंय पोरीचं. तुमचंही झालंय, मला दिसतंय." मला बरं वाटलं. दुःख आहे, म्हणजे ते ओसरेल. तसलं दुःख माझ्याही ओळखीचं होतं.

त्याच आठवड्यात ती कोळशाच्या ट्रकखाली जाता जाता राहिली.

उतारावर बर्फाचा चिखल झाला होता. तिचा हातमोजा रस्त्यात पडला आणि तो उचलायला ती खाली उतरली. ट्रक वरून येत होता. इंजिनाची घरघर माझ्या छातीत जाणवत होती. अशा आवाजात कोणी रस्त्यात पाऊल टाकेल असं मला वाटलंच नाही, म्हणून मला उशीर झाला. ब्रेक किंचाळले तेव्हा ती वळली. तोवर मी तिच्या कोटाची टोपी धरून तिला मागे ओढलं होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, पोर सांभाळा की. बहिरी आहे का ती?"

"नाही," मी म्हणाले. "तिची आजी वारली."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि ट्रकमध्ये चढला.

पुढच्या रविवारी विनीमावशी चहाला आली. आई आणि ती एकाच दिवशी, चौदाव्या वर्षी, गिरणीत लागल्या आणि एकाच दिवशी सुटल्या. तिचे कान आईच्याही पलीकडे गेलेले. सरकारी इस्पितळातून मिळालेल्या कानाच्या यंत्राबद्दल नॉर्मननं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "छान आहे की. कपाटात ठेवलंय. त्याला तिथं अगदी स्वच्छ ऐकू येतं."

मी डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री आणि केक मांडत होते. नॉर्मन मला ट्रकबद्दल पुन्हा विचारत होता, हळू आवाजात, हेझलच्या पाठीमागे. विनीमावशी समोरच्या खुर्चीत. तिनं हेझलकडे बघून ओठ हलवले. हेझलनं आवाज न करता उत्तर दिलं. विनीमावशीनं आणखी काही विचारलं, यावेळी तोंड फारसं न उघडता, झरझर. हेझलचं उत्तरही तेवढंच झरझर. मग विनीमावशी हातातला कप बशीत ठेवून मला म्हणाली, "इकडे ये गं."

"काय झालं?"

"ही बोली शिकायला मला सहा महिने लागले. तेही डोक्यावर माग धडधडत होते म्हणून. मी आत्ता हिच्याशी बोलले ते मुद्दाम घाईत, अर्ध्या तोंडानं. आमच्यातल्या निम्म्या बायांना कळलं नसतं. हिला कळलं. ज्याला ऐकू येतं तो माणूस लोकांच्या ओठांकडे कशाला बघेल?"

"मावशी, तिला कुजबुजलेलं ऐकू येतं. डॉक्टरांनी बघितलंय."

"नॉर्मन, तू तिथंच उभा राहा. तुझ्या नेहमीच्या आवाजात विचार, केक हवाय का म्हणून. ओरडू नकोस. हेझल, माझ्याकडे बघ हं."

नॉर्मननं विचारलं. त्या आवाजानं कपाटातल्या बशा थोड्या थरथरल्या. हेझल विनीमावशीकडे बघत राहिली, पुढे काय गंमत आहे अशा चेहऱ्यानं.

"आता तू."

मी त्याच जागी जाऊन कुजबुजले. हेझल लगेच वळली. "हवाय," ती म्हणाली, आणि आमचे चेहरे बघून, "काय झालं?"

नॉर्मन खाली बसला. "मी तिला परवा उपाशी वर पाठवलं," तो म्हणाला. "उत्तर देत नाही म्हणून."

विनीमावशीनं केक खाल्ला नाही. बसची वेळ व्हायच्या खूप आधी ती कोट घालून निघाली.

इस्पितळातली तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तेवढ्या दिवसांत मी जेवणाच्या सुट्टीत वाचनालयातली वैद्यकाची जाड पुस्तकं काढून वाचली. वाचण्याची सवय असलेल्या माणसाला भीती वाटली की तो वाचतोच. त्यानं भीती जात नाही, तिला नुसती नावं मिळतात. एका पुस्तकात दोन आलेख शेजारी शेजारी छापले होते. मोठ्या माणसांचा आलेख डावीकडून, म्हणजे जाड आवाजांकडून, सरळ चालत यायचा आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, कड्यावरून पडल्यासारखा खाली जायचा. गोंगाटात काम केलेल्यांचे कान आणि म्हाताऱ्यांचे कान असेच जातात. त्यांना काय गेलं ते ठाऊक असतं. ती माणसं "काय म्हणालीस?" असं विचारतात, कधी गेलेल्या शब्दाच्या जागी अंदाजानं दुसरा शब्द बसवतात. मुलांचं वेगळं. बहुतेक मुलांच्या बाबतीत सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, सगळंच दबकं होतं आणि ते पुढे बरंही होतं. पण कारण काहीही असो, मूल तक्रार करत नाही. आहे तेवढंच जग असतं असं त्याला वाटतं. म्हणून त्याला हट्टी म्हणतात, आळशी म्हणतात, उपाशी वर पाठवतात.

पान संपताना बारीक अक्षरात लिहिलं होतं की क्वचित काही मुलांचे फक्त जाड आवाज जातात, कानाची आतली नस खराब होऊन, कायमचे. त्यांतल्या काहींचं तिथंच थांबतं. काहींचं वरच्या आवाजांकडे सरकत जातं.

ते वाक्य वाचल्यापासून मला चैन पडेना. ते हेझलच्या कानात सरकत असलं तर आज किती सरकलं, हे मला रोज बघायचं होतं. मी तिच्या मागे चमचा पाडायचे. काडेपेटी हलवायचे. कपाटाचा जड खण ढकलून बंद करायचे. खाली गुणगुणायचे, वर गुणगुणायचे. काल काडेपेटीला वळली होती, आज का नाही वळली? चित्रात गुंगली होती म्हणून, की आणखी काही गेलं म्हणून?

"आई," ती एकदा वैतागून म्हणाली, "तू सारखी माझ्या मागे का उभी असतेस?"

इस्पितळात तिला एका जाड भिंतींच्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसवलं. कानांवर मोठे पेले, पुढ्यात लाकडी खुंट्या आणि भोकांची फळी. आवाज आला की एक खुंटी भोकात घालायची. मी तिच्या मागे खुर्चीवर, हलायचं नाही अशा सूचनेनं. बारीक आवाजांच्या वेळी मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि तिच्या खुंट्या टपाटप बसत होत्या. मग जाड आवाज सुरू झाले. तिचा हात फळीवर थांबला. काचेपलीकडच्या बाईनं आवाज वाढवला असावा, कारण थोड्या वेळानं तो मलाच ऐकू यायला लागला: तिच्या कानावरच्या पेल्यातून बाहेर झिरपणारी, दूरच्या मधमाश्यांसारखी घूंऽऽ. मी चार फुटांवर होते. तिच्या तर कानालाच लावलेलं होतं ते. खुंटी तिच्या बोटांत होती आणि ती वाट बघत होती.

मी हाताची मूठ वळली आणि हलले नाही.

मग कानामागच्या हाडावर एक छोटी डबी लावून पुन्हा तेच केलं. हाडावरून जाणारा आवाज पडद्यामागच्या पाण्याला चुकवून थेट नसेकडे जातो. तो ऐकू आला तर दोष पाण्याचा. मी वाचलं होतं. मी पाण्यासाठी प्रार्थना करत होते. खुंटी याही वेळी तिथंच, तशीच थांबली.

डॉक्टर मॅकलिश पन्नाशीच्या स्कॉटिश बाई होत्या. त्यांनी आलेख माझ्याकडे फिरवला. डावीकडे खोल खड्डा आणि तिथून उजवीकडे वर चढत गेलेली रेघ.

"या भागातल्या म्हाताऱ्या विणकर बायांचे आलेख मी आठवड्याला दहा बघते," त्या म्हणाल्या. "ते सगळे उजवीकडे कोसळतात. हा त्यांना आरशात धरल्यासारखा आहे. पाणी नाही. नस आहे. जे गेलंय ते परत येणार नाही. यंत्र देता येईल, जपून, कारण वरचे आवाज तिचे उत्तम आहेत." त्यांनी पेन उघडलं. "केव्हापासून असं आहे?"

"जानेवारी. फार तर डिसेंबर."

पेन थांबलं. "चार महिने?"

"हो."

"त्याआधी काहीच नाही? नीट आठवा, बाई. हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. चार महिन्यांत एवढं गेलं असेल, तर ते वेगानं जातंय. वर्षभरात बोलण्याचे आवाजही जाऊ शकतात. मग शाळेचा विचार आत्ताच करावा लागेल. बहिऱ्या मुलांची निवासी शाळा आहे, पन्नास मैलांवर; सप्टेंबरसाठी नावं याच महिन्यात घेतात. पण दोन-तीन वर्षांपासून हे असंच असेल, तर ते बहुधा एका जागी थांबलंय. मग ही आहे त्या शाळेत, पुढच्या बाकावर बसेल." त्यांनी हेझलच्या कानांच्या माहितीचा एक फॉर्म माझ्याकडे सरकवला. "घरी न्या. पुढच्या गुरुवारी या. आणि हो, हिला ओठ वाचायला कोणी शिकवलं? फार सुरेख वाचते."

"आजीनं," मी म्हणाले.

बसमध्ये हेझल खिडकीपाशी बसली आणि मी तो फॉर्म मांडीवर ठेवून दोन वर्षं मागे जायचा प्रयत्न करत राहिले. मला काही आठवेना. आठवणार कुठून? तिच्या दुपारी माझ्याकडे नव्हत्या. त्या आईकडे होत्या. आईला विचारता आलं असतं तर तिनं खांद्याला हात लावून, प्रत्येक शब्द तोंडभर उघडून सांगितलं असतं. त्या दिवशी, नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा, मला तिची उणीव शोकासारखी नाही, गरजेसारखी जाणवली. आणि मग केक तसाच टाकून निघालेली विनीमावशी आठवली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. मी टाच दोनदा आपटली. तिनं वळून बघितलं आणि विचारायच्या आधीच खुर्चीत बसली.

"मला माहीत होतं तू येणार," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं. त्या रविवारच्या आधीपासून."

"हिल्डाला, तुझ्या आईला, माहीत होतं. तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं." ती पदराशी चाळा करावा तशी ॲप्रनची किनार बोटांत फिरवत राहिली. "ती गेल्यावर वचनाचं काय करायचं ते मला कळेना. म्हणून त्या दिवशी मी तुम्हाला दाखवलं, सांगितलं नाही."

"का पण? मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुझ्या एडविनमामामुळे."

एडविनमामा म्हणजे आमच्या घरात नाताळचं एक कार्ड. दूरच्या गावात राहणारा, कधी न येणारा.

"त्याला पाचव्या वर्षी ताप आला आणि कान गेले," विनीमावशी म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिलं, बहिऱ्यांच्या शाळेचा माणूस आला. स्टेशनवर त्याला सोडायला हिल्डा गेली होती. अकरा वर्षांची. तिला सांगितलं होतं, सहलीला चाललाय म्हणून सांग त्याला. तिनं सांगितलं. तिथं मुलांना खुणा करू नयेत म्हणून हातांवर बसवायचे. तीन वर्षांनी सुट्टीत घरी आला तर हिल्डाला बघून मागे सरला. ती म्हणायची, मी त्याला गाडीत बसवलं, दुसऱ्यांदा कोणाला बसवणार नाही."

"आता तसं नसतं, मावशी."

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, तुझ्या लेकीला सांग. तर म्हणाली, ती पुस्तकातली आहे, ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेईल. म्हणाली, मी शिकवते हेझलला. गिरणीत आपण दोनशे जणी बहिऱ्या होतो, कोणाचं काय अडलं?"

मी उठून खिडकीपाशी गेले. मला आईला जाब विचारायचा होता. तो ट्रक, नॉर्मननं उपाशी वर पाठवलेली ती रात्र, क्रॅबट्री सरांच्या वर्गात शेजारणीच्या वहीत बघणारी पोर. आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी माझ्या मनात धडका मारत होतं. मी परत येऊन विनीमावशीच्या समोर, उजेडात बसले.

"केव्हा कळलं तिला? मला महिना सांग."

"जुलैत. गावच्या सुट्टीच्या आठवड्यात, ब्लॅकपूलला समुद्रावर. गेल्या वर्षीची सुट्टी नव्हे, त्याच्या आदली. तुम्ही दोघं कामामुळे आला नव्हतात."

म्हणजे एकवीस महिने.

"कसं कळलं?"

"तिथली घरमालकीण जेवणाच्या वेळी खाली पितळेची मोठी थाळी वाजवायची. कापड गुंडाळलेला सोटा घेऊन. मला नाही ऐकू यायचं बारीक काही, पण ती थाळी मलासुद्धा कळायची. सगळे भुकेले खाली पळायचे. हेझल जागची हलायची नाही. तीन दिवस हिल्डानं बघितलं. चौथ्या दिवशी पोरीला पलंगावर बसवलं, पाय वर घेऊन."

"पाय वर का?"

"जमिनीतून कळतं ना. आम्हाला माग बिघडला की तळपायातून कळायचं. म्हणून पाय वर. पाठ आमच्याकडे. मग मला चमचा पाडायला लावला. वळली. पुन्हा. वळली. चिमटीत कागद चुरगळायला लावला, मला तो ऐकूही आला नाही, पण ती वळली. मग दार उघडून ठेवलं आणि थाळीची वाट बघितली. थाळी वाजली. नाही वळली."

"चमचा नक्की ऐकला? कागदही?"

"तीनदा."

"आणि थाळी नाही."

"एकदाही नाही."

"मावशी, माझ्याकडे बघ. तुला नक्की आठवतंय?"

"काल रात्री मी काय जेवले ते मला आठवत नाही," ती म्हणाली. "हे आठवतं. हिल्डा त्या पलंगाच्या कडेवर बसली आणि माझ्याशी बोललीसुद्धा नाही. ओठानंही नाही."

गुरुवारी मी विनीमावशीला बरोबर नेलं. तिनं यंत्र कपाटातून काढून कानात घातलं होतं. ते शिट्टी मारत होतं, जी तिला स्वतःला ऐकू येत नव्हती. हेझल कानावर हात ठेवून हसत होती. डॉक्टर मॅकलिशनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि वहीवरून मान वर केली.

"हे त्यांनी तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला. मला थोडं जवळून ऐकायचंय." त्या विनीमावशीकडे वळल्या. "थाळी किती लांब होती, बाई? दार उघडं होतं?"

विनीमावशीनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांचे ओठ बारीक, स्कॉटिश बोलणं आवळलेलं. तिला काही उमगेना. मी पुढे सरकायच्या आधी हेझल दोघींच्या मध्ये उभी राहिली. डॉक्टरांकडे बघायची, मग विनीमावशीकडे तोंड करून आवाज न काढता तेच मोठं करून सांगायची. विनीमावशी मोठ्यांदा उत्तर द्यायची. एक मजला खाली. दार उघडं. चमचा चहाचा, लहान. कागद गोळीचा. डॉक्टर लिहीत गेल्या आणि मध्ये एकदा लिहायच्या थांबून नुसत्या हेझलच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"थाळी होती तिथं?" हेझलनं मला विचारलं.

"हो. जेवणाची वेळ झाली की वाजायची."

तिनं थोडा विचार केला. "मला वाटायचं सगळ्यांना एकदम भूक लागते."

डॉक्टरांनी आलेख पुन्हा उघडला आणि पेनाच्या टोकानं उजवीकडची चढलेली रेघ दाखवली. "चमचा आणि कागद इथं. तेव्हा ऐकू येत होते, आजही येतात. थाळी इथं. तेव्हाही नव्हती. बरोबर असेल हे, तर एकवीस महिन्यांत फारसं काही हललेलं नाही."

"असेल तर," मी म्हणाले.

"असेल तर. आलेख आहे तो हा एकच. बाकी सगळं दोन म्हाताऱ्या आणि एक चमचा." त्या हसल्या नाहीत. "पण मी विश्वास ठेवणार आहे. निवासी शाळेला आत्ता लिहीत नाही. यंत्र लावू, शाळेला पत्र देते, पुढचा बाक आणि सरांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. दर सहा महिन्यांनी इथं यायचं. रेघ वरच्या बाजूला थोडी जरी सरकली, तर पुन्हा बसून बोलू. आणि घरी तिच्याशी आवाज खाली उतरवून बोलत असाल तर ते सोडा. तिला वरचा आवाज लागतो."

"ते माझ्या आईसाठी होतं," मी म्हणाले.

सहा महिने म्हणजे ऑक्टोबर. मी मनात मोजलं, तेवढ्यातल्या तेवढ्यात तीन वेळा. पुढच्या तपासणीपर्यंत मी काडेपेटी हलवणार नाही असं मी नॉर्मनला कबूल केलं होतं. तो माझा शब्द पाळला जाईल याची मला खात्री नव्हती.

हेझलच्या कानाचा साचा घेण्यासाठी तिला शेजारच्या खोलीत नेलं. विनीमावशी बरोबर गेली. मी फॉर्म पुढ्यात घेतला. दोष प्रथम केव्हा लक्षात आला, या रकान्यात लिहिलं, जुलै १९८५. कोणाच्या लक्षात आला: हिल्डा हॅलोज. नातं: आजी. त्याखाली आजीचा पत्ता विचारला होता. तिथं मी थोडा वेळ थांबले आणि आमचाच लिहिला.